वक्तृत्व

जमलेल्या श्रोत्यांपुढे बोलून विषय त्यांच्या गळी उतरवण्याची कला. वाचकाला पान उलटून मागे जाता येते, श्रोत्याला येत नाही; कानावरून गेलेले वाक्य गेलेच. रंगणाऱ्या भाषणाची बहुतेक तंत्रे या अडचणीतून निघाली आहेत. भारदस्त आवाज ही त्यामानाने दुय्यम बाब.

महाराष्ट्रात ही कला कीर्तनात आणि व्याख्यानमालांत घडली. नारदीय कीर्तनात पूर्वरंगात अभंगाचे निरूपण, मध्ये नामघोष आणि उत्तररंगात आख्यान असते. अवघड विचार ताज्या कानांवर, मग विसावा, आणि ऐकणारा थकू लागला की गोष्ट, ही मांडणी तासाभराच्या व्याख्यानालाही चालते. १८७५ साली पुण्यात न्यायमूर्ती म. गो. रानडे यांच्या पुढाकाराने वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. पुढे अशा माला गावोगाव निघाल्या.

तयारी : सभेत मिनिटाला साधारण १०० ते १२० शब्द सावकाश बोलता येतात. म्हणजे २० मिनिटांसाठी फार तर २,४०० शब्द, आणि त्यांत तीनच मुद्दे. सुरुवातीची आणि शेवटची चार-पाच वाक्ये शब्दशः पाठ असावीत. मधले मुद्दे पोस्टकार्डाएवढ्या जाड कार्डावर मोठ्या अक्षरांत लिहावेत. पातळ कागद हातात थरथरतो, आणि ती थरथर वक्त्यालाच आणखी घाबरवते. सगळे भाषण पाठ करणे धोक्याचे : एक वाक्य निसटले की पुढचे आठवत नाही. सराव उभे राहून, मोठ्याने आणि मोबाइलवर रेकॉर्ड करून करावा. ‘म्हणजे’, ‘तर’, ‘ॲक्च्युअली’ किती वेळा येतात, ते तेव्हाच कळते. कार्यक्रम उशिरा सुरू होणे हा आपल्याकडचा रिवाजच असल्याने अर्ध्या वेळात बसणारी आवृत्तीही डोक्यात तयार ठेवावी.

वाक्यरचना : मराठीत क्रियापद शेवटी येते. ‘जे’, ‘ज्यांनी’, ‘ज्यामुळे’ अशी पोटवाक्ये एकात एक अडकवली, की अर्थ लागेपर्यंत श्रोता ताटकळतो. लेखातला उतारा सभेत वाचला की रटाळ वाटतो, त्याचे हेच कारण. वाक्य १०-१२ शब्दांत संपवावे. आकडे गोळाबेरीज करून सांगावेत : ‘१९.७ टक्के’पेक्षा ‘दर पाचांत एक’ लक्षात राहते.

नवख्यांची सर्वांत महाग चूक म्हणजे वाक्याचा शेवट गिळणे. श्वास संपत आला की आवाज पडतो, आणि मराठीत नकार नेमका तिथेच असतो. ‘हा निधी परत जाणार नाही’ यातला ‘नाही’ पडला, तर मागच्या रांगेला ‘निधी परत जाणार’ एवढेच ऐकू येते. उपाय साधा : वाक्याआधी श्वास घ्यावा आणि शेवटच्या शब्दावर मागच्या रांगेकडे पाहावे.

विराम : प्रश्न विचारल्यावर किंवा मुख्य विधानानंतर दोन-तीन सेकंद थांबावे. वक्त्याला हा अवधी फार लांब वाटतो, श्रोत्याला वाटत नाही. विनोदानंतर हशा ओसरू लागला की पुढचे वाक्य घ्यावे. आधी घेतले तर ते हशात बुडते, फार थांबले तर टाळ्यांची याचना दिसते.

ध्वनिवर्धक : माइक तोंडापासून चार बोटे ते वीतभर अंतरावर, किंचित तिरका धरावा. अगदी समोर धरला तर ‘प’, ‘फ’, ‘भ’ फुटतात. जाळीभोवती मूठ आवळली किंवा माइक स्पीकरकडे वळवला की शिट्टी येते. ‘हॅलो, हॅलो’ची चाचणी सभा भरण्याआधी उरकावी.

आरंभ आणि शेवट : व्यासपीठावरील मान्यवरांची यादी सूत्रसंचालकाने वाचलेलीच असते, अध्यक्षांचा उल्लेख करून थेट विषयाला हात घालावा. ‘जाता जाता एवढेच सांगतो’ हे एकदाच म्हणावे, आणि मग खरोखर थांबावे. प्रश्नोत्तरांत श्रोत्याचा प्रश्न आधी माइकवरून पुन्हा सांगावा : मागच्यांना तो कळतो आणि वक्त्याला विचार करायला अवधी मिळतो.