ऑफसाइड (फुटबॉल)

फुटबॉलच्या नियमावलीतील अकरावा नियम. ऑफसाइड जागेवर नुसते उभे राहणे हा नियमभंग नाही. सहकाऱ्याने चेंडू खेळल्यावर तिथून खेळात भाग घेणे हा नियमभंग आहे. बहुतेक वाद या दोन गोष्टी एकच समजल्यामुळे होतात.

खेळाडूचे डोके, धड किंवा पाय यांचा कोणताही भाग प्रतिस्पर्ध्यांच्या अर्ध्या मैदानात असेल आणि चेंडू व शेवटून दुसरा प्रतिस्पर्धी या दोघांपेक्षाही गोलरेषेच्या जवळ असेल, तर ती जागा ऑफसाइड. काखेच्या खालच्या टोकापासून पुढचा हात मोजत नाहीत, गोलरक्षकाचाही नाही. शेवटचा खेळाडू गोलरक्षकच असतो असे नाही. तो पुढे धावून आला असेल तर मागचे दोन बचावपटू मोजावे लागतात, आणि इथे प्रेक्षक हमखास चुकतात. १९२५ पर्यंत दोनऐवजी तीन प्रतिस्पर्धी लागत. शेवटून दुसऱ्या प्रतिस्पर्ध्याच्या बरोबरीत असलेला आक्रमक १९९० पासून ऑनसाइड, म्हणजे योग्य जागी, धरतात. गोल किक, थ्रो-इन आणि कॉर्नर किकवरून थेट आलेल्या चेंडूला हा नियम लागू नाही.

जागा ठरते ती सहकारी चेंडू खेळताना त्याला प्रथम स्पर्श करतो त्या क्षणी. चेंडू मिळतो तेव्हा नव्हे. सहभाग मात्र नंतर पाहिला जातो. चेंडूला स्पर्श करणे, गोलरक्षकाची नजर अडवणे, प्रतिस्पर्ध्याशी चेंडूसाठी झुंजणे, किंवा खांबावरून अथवा प्रतिस्पर्ध्याला लागून परतलेला चेंडू खेळणे, हे सारे सहभागात येते.

सर्वांत अवघड निर्णय बचावपटूच्या स्पर्शाचा. त्याने चेंडू जाणूनबुजून खेळला तर आक्रमकाचा ऑफसाइड संपतो, मग फटका फसला तरी. चेंडू नुसता लागून वळला किंवा त्याने गोल अडवला, तर संपत नाही. पंच पाहतात ते हे: चेंडू लांबून येताना त्याला स्पष्ट दिसत होता का, वेग किती होता, दिशा अनपेक्षित होती का, शरीर सावरायला वेळ मिळाला का. जेमतेम पाय पोहोचला, तर तो ताबा नव्हे.

साहाय्यक पंचाने शेवटून दुसऱ्या बचावपटूच्या रेषेत राहायचे असते. चेंडू त्याहून पुढे असेल तर चेंडूच्या रेषेत. एक-दोन पावले मागेपुढे झाली की कोन बदलतो आणि बरोबरीतला खेळाडू पुढे भासतो. शिवाय नजर चेंडूवरून रेषेकडे वळेपर्यंत आक्रमक पुढे आणि बचावपटू उलट दिशेने सरकलेला असतो. म्हणून शंका असेल तर झेंडा खालीच ठेवणे योग्य. व्हीएआर (व्हिडिओ पाहून पंचांना मदत करणारी व्यवस्था) असलेल्या सामन्यात गोलची संधी जवळ असेल तर चाल पूर्ण होईपर्यंत झेंडा मुद्दाम रोखतात. २०२२ च्या विश्वचषकात छताखालचे १२ कॅमेरे प्रत्येक खेळाडूचे २९ बिंदू सेकंदाला ५० वेळा टिपत होते, आणि चेंडूतल्या सेन्सरमुळे किकचा क्षण कळत होता. जागा अशी मोजता येते. सहभाग अजूनही पंचच ठरवतात.

नियमभंगाला अप्रत्यक्ष फ्री किक (जिच्यावरून थेट गोल करता येत नाही) प्रतिस्पर्ध्यांना मिळते, तीही सहभाग घडला तिथून. त्यामुळे पुढून मागे येऊन स्वतःच्या अर्ध्यात चेंडू घेणाऱ्याविरुद्धची किक त्याच्याच अर्ध्यातून मारली जाते.