ठणका थांबला म्हणजे रूट कॅनल झालं नव्हे

"आता दुखत नाहीये हो मॅडम, दुखलं की येतो." हे वाक्य आमच्या दातांच्या दवाखान्यात फोनवर इतक्यांदा ऐकलंय की आमची रिसेप्शनिस्ट ते पेशंटच्या आधीच म्हणून दाखवते.

ठरवून घेतलेली अपॉइंटमेंट कशी असते ते तुम्हाला ठाऊक आहे, त्यात वेळ घालवत नाही. रात्रभर दाढ ठणकली आणि सकाळी शटर उघडायच्या आधीच गालाला हात लावून पायरीवर येऊन बसलात, ती भेट निराळी. तिथे सगळं तोंड बघत नाहीत, गुन्हेगार दाढ शोधतात. ते वाटतं तितकं सोपं नसतं; खालची दाढ किडलेली असताना "वरचीच दुखतेय" अशी शपथ घेणारे भरपूर. म्हणून आरशाच्या दांड्याने टकटक, थंड फवारा मारलेला कापूस दाताला लावणं आणि एक छोटा एक्स-रे. कापूस काढताच थंडाची कळ गेली तर नस बहुधा वाचते. अर्धा मिनिट रेंगाळली तर बहुधा नाही.

भुलेबद्दल एवढंच, की सुजलेली नस सहज बधिर होत नाही. ओठ जड होतो, दाढ मात्र जागीच. दुसरं इंजेक्शन लागलं म्हणून डॉक्टर शिकाऊ ठरत नाही.

आता खरा घोळ. दाताची नस कडक भिंतींच्या आत असते. ती सुजली की पसरायला जागा नाही, म्हणून तो ठणका. त्या दिवशी आम्ही दाढ वरून उघडतो, आतला सुजलेला भाग काढतो, कधी पू येतो, मग औषध ठेवून वर तात्पुरतं सिमेंट लावतो. दाब सुटला, कळ गेली, बऱ्याच रात्रींनी झोप लागली. पेशंटच्या हिशेबी रूट कॅनल झालं. आमच्या हिशेबी फक्त दार उघडलं. मुळांतल्या बारीक नळ्या (खालच्या दाढेला साधारण तीन, वरच्या दाढेला बऱ्याचदा चार) टोकापर्यंत मोजून साफ करायच्या, गटापर्चाने (रबरासारखा पदार्थ) भरायच्या, वर पक्कं सिमेंट आणि बहुतेक दाढांना कॅप, हे सगळं बाकीच असतं.

मध्यंतरी एक काकू गाल सुजवून आल्या. "याचं रूट कॅनल होळीच्या आधी झालंय," ठाम. गणपती तोंडावर आले होते. सिमेंटची एक कड उडालेली, त्यात पोळीचा कण. उघडल्यावर आलेला वास मास्कमधूनही आला. एक्स-रे समोर धरला आणि शेजारी दुसऱ्या कुणाचा, पूर्ण झालेल्या दाढेचा. पूर्ण झालेल्या दाढेत मुळांच्या टोकापर्यंत पांढऱ्या रेघा दिसतात. काकूंच्या मुळांत एकही नव्हती, आणि टोकाशी काळा डाग. तुमच्याही बाबतीत शंका असेल तर ती रेघ बघा, बिलावरचे शब्द नकोत. तात्पुरतं सिमेंट काही आठवड्यांसाठी असतं. ते झिजतं, लाळ झिरपते, आत मोकळं घर मिळालेले जंतू मुळाखालच्या हाडापर्यंत पोचतात. आणि पोखरलेली दाढ सुपारीवर दुभंगली तर मग कॅपही वाचवत नाही.

काहीच इलाज न करता ठणका आपोआप थांबला तर? त्याला बरं होणं म्हणू नका. किडलेल्या दाढेची रात्रीची कळ अशी थांबते तेव्हा नस बहुतेक मेलेली असते.

मेडिकलवाल्याकडून तीन दिवसांची अँटिबायोटिक आणून "डॉक्टरशिवाय भागवणं" यावर माझा विशेष राग आहे. मेलेल्या नसेत रक्तपुरवठाच नसतो, औषध तिथवर जाणार कुठून? अमेरिकन डेंटल असोसिएशनने २०१९ मध्ये हेच सांगितलं: एरवी तब्येत ठीक असलेल्या मोठ्या माणसाच्या दाढदुखीला, दातावर इलाज होण्याजोगा असेल तर, बहुतेक वेळा अँटिबायोटिकची गरज नसते. ताप असेल, सूज पसरत असेल तर गोष्ट वेगळी. आणि अ‍ॅस्पिरिनची गोळी हिरडीवर दाबून ठेवू नका, हिरडी पांढरी होऊन भाजते.

जबड्याखाली सूज उतरली, तोंड उघडेना, गिळताना अडकतंय किंवा श्वास लागतोय, तर आमच्या पायरीवर बसूच नका. थेट मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जा, रात्रीचे दोन वाजले असले तरी.