टॉवरचे चार पाय आणि मातीतली पोकळी

उच्चदाब वाहिनी पाणथळ जागेतून जाणार म्हटलं की वाद टॉवरवरून रंगतो. चार पायांना अशी कितीशी जागा लागणार, दोन टॉवरमध्ये तीन-चारशे मीटर तर नुसत्या तारा, असं सांगितलं जातं. हिशेब बरोबर आहे, पण भलत्याच गोष्टीचा. टॉवरपर्यंत काँक्रीट, पोलाद, क्रेन आणि तारांची अवजड रिळं वाहून नेणारी चाकं किती जमिनीवरून फिरली, ते त्यात धरलेलंच नसतं.

चांगल्या मातीचा जवळपास निम्मा भाग म्हणजे कणांमधली पोकळी. बारीक छिद्रांत पाणी केशाकर्षणाने अडकून राहतं. मोठ्या छिद्रांतून ते वाहतं आणि पाणी ओसरलं की तिथे हवा खेळते. वजन पडलं की आधी मिटतात ती नेमकी मोठी छिद्रं. 1840च्या सुमारास फ्रेंच शास्त्रज्ञ प्वाझय यांनी दाखवलं, की बारीक नळीतून वाहणारं पाणी तिच्या त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात असतं. त्रिज्या निम्मी झाली तर प्रवाह निम्मा होत नाही, सोळाव्या हिश्शावर येतो. एक तृतीयांश झाली तर एक्याऐंशीव्या! मातीतली छिद्रं काही सरळ नळ्या नसतात, पण वरून नुसती ‘थोडीशी दबलेली’ दिसणारी जमीन पाणी मुरवणं जवळजवळ का थांबवते, ते यावरून कळतं.

त्यातही बरंचसं दबणं पहिल्या काही फेऱ्यांतच उरकतं. म्हणून ‘गाडी एकदाच तर गेली’ या म्हणण्यात दम नाही. चालकांनी रोज नवी वाट शोधण्यापेक्षा सगळ्यांनी एकाच वाटेने गेलेलं बरं.

पूर्ण भिजलेल्या मातीचं गणित आणखी वेगळं. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे अशी माती आकसण्याऐवजी बाजूला सरकते आणि तिची कणरचनाच मोडते. भातखाचरात चिखलणी करून हेच मुद्दाम घडवतात, पाणी खाली झिरपू नये म्हणून. पाणथळीत मात्र त्यामुळे वरचं पाणी आणि भूजल यांची देवाणघेवाण तुटते. शिवाय चाकोरी उताराच्या दिशेने गेली की तिचा चर होतो आणि आजूबाजूचं पाणी निथळून जातं. पीटच्या, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थरांनी बनलेल्या दलदलीत हे सर्वांत वाईट. तिथे थर वर्षाला साधारण एक मिलिमीटर वाढतो. म्हणजे तीस सेंटिमीटर खोल चाकोरीत तीनशे वर्षांची जमवाजमव उखडली जाते. वर हवा लागल्यावर ते पीट कुजून कार्बन डायऑक्साइड सोडू लागतं ते वेगळंच.

पाणकणसासारख्या वनस्पतींची तर श्वासनलिकाच मोडते. ऑक्सिजन पाण्यातून हवेच्या मानाने सुमारे दहा हजार पट हळू पसरतो, म्हणून या वनस्पती पानांतून, देठांतून पोकळ ऊतींच्या वाटे तो मुळांकडे पोचवतात. देठ पाण्याखाली चिरडले की खालचे कंद गुदमरतात.

उपाय साधे आहेत. वाटेवर जाड लाकडी ओंडक्यांचे तराफे अंथरायचे, म्हणजे वजन जास्त क्षेत्रफळावर विभागलं जातं. चाकांऐवजी रुंद पट्ट्यांवर चालणारी यंत्रंही तेच करतात. पण इथे एक मेख आहे: पृष्ठभागावरचा दाब असा कमी होतो, खोलवर पोचणारा ताण मात्र बराचसा एकूण वजनावर ठरतो. म्हणून खेपच हलकी ठेवावी लागते, तार ओढायची पहिली दोरी ड्रोनने नेतात, थंड देशांत जमीन गोठल्यावरच काम काढतात.

आता झाडांविषयी. वाहिनीखालचं रान विजेच्या ‘लहरीं’नी खुरटतं, ही निव्वळ समजूत आहे. तिथली झाडं छाटलेली असतात, कारण प्रवाहाने तापलेली तार लांबते आणि खाली झोल घेते. 14 ऑगस्ट 2003 रोजी अमेरिकेतल्या ओहायोत अशा तारा झाडांना टेकल्या आणि पुढे सुमारे पाच कोटी लोकांची वीज गेली. पण छाटणी म्हणजे सरसकट नांगर नव्हे. पेनसिल्व्हेनियात 1953 पासून चाललेल्या अभ्यासात दिसलं, की उंच झाडं तेवढी निवडून काढली आणि झुडपं राहू दिली तर ती दाट झुडपंच नव्या झाडांना सहजी रुजू देत नाहीत. तोडायचंच तर खोड कापावं. मुळं मातीला धरून राहू द्यावीत. आणि ‘भरपाई’ म्हणून पाणथळीतच हजारो रोपं लावण्याचे सोहळे तर नकोतच, ती झाडं तिथलंच पाणी शोषून हवेत सोडतात.

पायासाठी खणताना वरचा थर वेगळा ठेवून शेवटी पुन्हा वरच पसरतात, कारण स्थानिक वनस्पतींचं बी त्यात असतं. तराफे मात्र एका कामावरून दुसऱ्या कामावर जातात आणि त्यांच्या फटींतल्या चिखलातून परक्या तणांचं बीही. म्हणून ते आणण्याआधी धुऊन घेतात.