साथ ओसरल्यावर क्यू फीवरची रक्ततपासणी कोणी करावी?

“मला ताप आलाच नव्हता, मग रक्त कशाला द्यायचं?” आमच्या काउंटरवर हे रोज ऐकायला मिळतं. प्रश्न रास्त आहे.

क्यू फीवरचा जंतू शेळ्या-मेंढ्यांकडून आणि गाईगुरांकडून येतो. जनावर व्यालं किंवा गाभडलं की त्याच्या वारेत हे जंतू अमाप असतात. वार वाळते, तिची धूळ होते आणि ती वाऱ्यावर दूर जाते. त्यामुळे गोठ्यात कधी पाऊल न टाकलेल्यालाही लागण होऊ शकते. नेदरलँड्समध्ये 2007 ते 2010 या काळात दुधाच्या शेळ्यांमधून अशी साथ पसरली. चार हजारांहून जास्त रुग्णांची नोंद झाली, पण खरी लागण त्याच्या कितीतरी पट होती, कारण निम्म्याहून अधिक लोकांना काही जाणवतच नाही. हृदयाच्या झडपेत किंवा रक्तवाहिनीत दडून बसलेला संसर्ग तिथे पुढची कित्येक वर्षं सापडत राहिला.

म्हणून साथीच्या भागात राहिलेल्या आणि झडप खराब असलेल्या किंवा बदललेल्या, महारोहिणीला (हृदयातून निघणाऱ्या मुख्य धमनीला) फुगवटा असलेल्या, कृत्रिम रक्तवाहिनी बसवलेल्या माणसांनी ताप आला नसला तरी तपासणी करावी. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असतील किंवा गरोदर असाल, तर आधी डॉक्टरांना विचारा. बाकीच्यांना आम्ही ती स्वतःहून सुचवत नाही. आमच्या ‘फुल बॉडी’ पॅकेजमध्येही ती मुद्दामच घातलेली नाही.

एक नळी रक्त पुरतं, उपाशी यायची गरज नाही. रिपोर्टवर ‘फेज 1 आयजीजी 1:1024’ असं काही दिसलं, तर त्याचा अर्थ सीरम (रक्तातला द्रव भाग) 1024 पट पातळ करूनही जंतूच्या ‘फेज 1’ रूपाविरुद्धच्या आयजीजी प्रकारच्या अँटीबॉडी सापडल्या; फेज 1 आणि फेज 2 ही या जंतूची दोन रूपं. इतका आकडा आला की दडलेल्या संसर्गाची शंका घ्यावी लागते. मग डॉक्टर पीसीआर (जंतूचा अंश शोधणारी चाचणी), इको (हृदयाची सोनोग्राफी), स्कॅन सांगतात. आजार पक्का ठरला तर गोळ्या दीड वर्ष किंवा त्याहून जास्त चालतात, त्यामुळे एकट्या आकड्यावर कोणी घाबरू नये आणि औषधही सुरू करू नये. नुसतं ‘फेज 2’ पॉझिटिव्ह असेल, तर बहुतेकदा लागण अलीकडची असते किंवा पूर्वीच होऊन गेलेली असते. धोक्याच्या गटातल्यांनी तेव्हा काही महिन्यांनी पुन्हा तपासावं. लागणीनंतर पहिल्या काही आठवड्यांत रक्त दिलं तर रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो.

येताना ऑपरेशनचा जुना कागद आणा. झडप कोणती, कधी बदलली, हे रिपोर्ट वाचणाऱ्या डॉक्टरांना लागतंच.