पार्श्वभूमी : ‘जैसे थे’पासून बाभळीच्या दारांपर्यंत

मराठवाड्यातल्या जुन्या माणसांना वय विचारलं तर ती सन सांगत नसत. ‘ॲक्शनच्या वेळी मी पाळण्यात होते’, ‘ॲक्शनच्या आदल्या साली लग्न झालं’, असा त्यांचा हिशेब. ॲक्शन म्हणजे १३ ते १७ सप्टेंबर १९४८ या पाच दिवसांतली पोलीस ॲक्शन, भारतीय फौजेची निजामाच्या हैदराबाद संस्थानावरची चढाई. आता १७ सप्टेंबरच्या झेंडावंदनात ‘मुक्तिसंग्राम’ म्हणतात, कागदोपत्री ‘विलीनीकरण’ लिहितात. घरात मात्र अजून ॲक्शनच. एकाच घटनेला तीन शब्द का लागले, हे नीट पाहिलं की शेजारी राज्यं एकमेकांशी कायमची शांतता कशी बांधतात आणि कुठे फसतात, याचा बराचसा उलगडा होतो. थायलंड आणि कंबोडिया जुलै २०२५ मध्ये पाच दिवस सीमेवर लढले, तेव्हापासून हा विषय पुन्हा चर्चेत आहे. कारण ते दोघेही आसियान या आग्नेय आशियाई देशांच्या ‘सुरक्षा समुदाया’चे सदस्य आहेत.

‘सुरक्षा समुदाय’ ही कल्पना १९५७ सालच्या एका अभ्यासातून रूढ झाली. प्रागमध्ये वाढलेल्या आणि पुढे अमेरिकेत स्थायिक झालेल्या अभ्यासकाने सहकाऱ्यांसह तो केला होता. सैनिकी युती वेगळी आणि हा समुदाय वेगळा. युतीत तिसऱ्याची भीती दोघांना जवळ आणते. समुदायात शेजाऱ्याशी लढायचा विचारच सुचत नाही; भांडण झालंच तर ते दुसऱ्या कुठल्यातरी वाटेने मिटणार, याची खात्री असते. त्यांनी याचे दोन प्रकार सांगितले. एकात वेगळी राज्यं विरघळून एक सरकार होतं. दुसऱ्यात राज्यं वेगळीच राहतात, सैन्यं आपापली ठेवतात, तरी लढत नाहीत. १९०५ साली युद्ध न करता वेगळे झालेले नॉर्वे आणि स्वीडन हे दुसऱ्या प्रकारचं नेहमीचं उदाहरण. एक सरकार झालं म्हणजे शांतता अधिक पक्की, असं त्या अभ्यासाला आढळलं नाही. अमेरिकेतलं यादवी युद्ध तर एका सरकारच्या छपराखालीच झालं होतं.

आपल्याकडचा अठराव्या शतकातला इतिहास वाचकांना पाठ आहे, म्हणून थोडक्यात. १७२८ मध्ये वैजापूरजवळ पालखेडला निजामाची कोंडी झाली आणि मुंगी-शेवगावचा तह झाला. त्यात दख्खनच्या सहा सुभ्यांच्या चौथाई-सरदेशमुखीवरचा छत्रपतींचा हक्क निजामाने मान्य केला. पुढे १७६० ला उदगीर, १७६३ ला राक्षसभुवन, १७९५ ला खर्डा. सदुसष्ट वर्षांत तह भरपूर झाले, शांतता आली नाही. प्रत्येक तहाच्या पोटात पुढच्या लढाईची थकबाकी ठेवलेली असे. चौथाई वसूल कोण करणार, कमी आली तर दाद कुणाकडे मागायची, हे कुठेच ठरलेलं नव्हतं. शेवटी निजामाने १७९८ मध्ये आणि पेशव्याने १८०२ मध्ये इंग्रजांची तैनाती फौज घेतली. शेजाऱ्यांच्या आपसातल्या लढाया थांबल्या, पण त्या तिसऱ्याने थांबवल्या.

खरा गुंता १९४७ चा. ब्रिटिश गेले तेव्हा हैदराबाद संस्थान साधारण ८२,००० चौरस मैलांचं होतं, लोकसंख्या दीड कोटीच्या वर. मराठवाडा म्हणजे त्यातले पाच जिल्हे : औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद. पलीकडच्या बार्शी-सोलापूरकडची माणसं इकडच्या मुलखाला ‘मोगलाई’ म्हणत. हद्दीवर करोडगिरीचे, म्हणजे जकातीचे, नाके होते. इकडे निजामाचा हाली रुपया, तिकडे ब्रिटिशांचा कलदार. सात हालीला सहा कलदार हा सरकारी भाव. म्हणजे बार्शीच्या बाजाराला निघालेला माणूस जकात भरायचा, पैसे बदलायचा, आणि तरी त्याची सोयरीक दोन्हीकडे असायची. याला परदेश म्हणायचं की शेजारचा तालुका?

दिल्ली आणि हैदराबाद यांच्यात २९ नोव्हेंबर १९४७ रोजी एका वर्षासाठी ‘जैसे थे करार’ झाला. त्याची कथा इथे जरा लांबवतो, कारण आपल्याकडे हा करार म्हणजे निव्वळ वेळकाढूपणा असं एका ओळीत उरकलं जातं. मसुदा खरं तर ऑक्टोबरातच तयार होता. सही व्हायच्या आधी, २७ ऑक्टोबरच्या पहाटे, हैदराबादेत रझाकारांच्या, म्हणजे निजामाच्या बाजूच्या सशस्त्र स्वयंसेवकांच्या, जमावाने वाटाघाटी करणाऱ्यांची घरं वेढली. शिष्टमंडळ दिल्लीला निघू शकलं नाही. मग नवं शिष्टमंडळ नेमलं गेलं, आणि महिन्याभराने जवळपास त्याच मसुद्यावर सही झाली. संरक्षण, परराष्ट्र व्यवहार, दळणवळण यांबाबत ब्रिटिश काळातली व्यवस्था चालू राहील, दोन्ही बाजू एकमेकांकडे आपला प्रतिनिधी ठेवतील, असं त्यात होतं.

आणि त्यात लवादाचंही कलम होतं. करारातून वाद उपजला तर दोन्ही बाजूंनी एकेक लवाद नेमायचा, त्या दोघांनी मिळून एक पंच निवडायचा. कागदावर अगदी चोख. वर्षभरात वाद उपजायचे थांबले नाहीत. हैदराबादने आपल्या हद्दीत भारतीय चलनावर बंधनं आणली, पाकिस्तानला वीस कोटींचं कर्ज देऊ केलं, कराचीहून विमानाने चोरून शस्त्रं आणवली. दिल्लीच्या बाजूने मीठ, पेट्रोल, औषधं अडवल्याची तक्रार हैदराबाद करत राहिलं. हद्दीच्या पलीकडे, भारताच्या बाजूला, उमरखेडसारख्या ठिकाणी कार्यकर्त्यांचे कॅम्प उभे राहिले. करोडगिरीचे नाके जाळून माणसं परत भारताच्या हद्दीत जायची, आणि तिथलं सरकार दुसरीकडे पाहायचं. खेड्यांवर रझाकारांचे हल्ले चालू होते, माणसं घरदार सोडून हद्दीपलीकडे जात होती. या एवढ्या गदारोळात लवाद एकदाही बसला नाही.

रझाकारांशी लवाद करता आला असता, असं मला म्हणायचं नाही. गाव जळत असताना पंच निवडत बसा, हे सांगायला इथल्या माणसाची जीभ रेटणार नाही. पण चलन, जकात, पेट्रोल हे प्रश्न लवादाचेच होते. ते न सुटल्यामुळे प्रत्येक नाका हा सीमाप्रश्न झाला.

मग सप्टेंबर आला. सोलापूरकडून नळदुर्गमार्गे एक तुकडी आत शिरली, इतर बाजूंनीही फौज आली. सैन्य पाठवून त्याला ‘पोलीस’ म्हणण्यात एक कायदेशीर डाव होता. दोन राज्यं लढली तर ते युद्ध. ते आंतरराष्ट्रीय मामल्यात मोडतं. घरातली अव्यवस्था निस्तरली तर ती पोलिसी कारवाई. त्यात बाहेरच्याने बोलायचं नाही. हैदराबादने २१ ऑगस्टलाच तारेने सुरक्षा परिषदेकडे तक्रार केली होती. परिषद पॅरिसमध्ये बसली १६ सप्टेंबरला. हैदराबाद हे राज्यच नाही, म्हणून परिषदेला अधिकार नाही, ही भारताची भूमिका. तिकडे वाद रंगायच्या आत दुसऱ्या दिवशी संध्याकाळी युद्धबंदी झाली, आणि २२ सप्टेंबरला निजामाने तक्रार मागे घेतली.

गंमत अशी की ‘पोलीस कारवाई’ हा शब्द त्याच वेळी आणखी एक सरकार वापरत होतं. डच सैन्याने जुलै १९४७ आणि डिसेंबर १९४८ मध्ये इंडोनेशियावर दोन मोठ्या चढाया केल्या आणि दोन्हींना ‘पोलीस कारवाई’ म्हटलं. कारण तेच : हा आमचा घरचा मामला. पहिल्या वेळी तो प्रश्न सुरक्षा परिषदेत नेणाऱ्यांत ऑस्ट्रेलियासोबत भारत होता. दुसऱ्या वेळी जानेवारी १९४९ मध्ये दिल्लीत आशियाई देशांची परिषदच भरली. म्हणजे हैदराबादनंतर चारच महिन्यांत दिल्ली दुसऱ्याच्या ‘पोलीस कारवाई’विरुद्ध उभी होती. यावर टीकाकार दुटप्पीपणाचा शिक्का मारतात. तो मला पटत नाही : तिथे वसाहतवाले समुद्रापलीकडून आले होते, इथे रयत आतून उठली होती. पण शब्द मात्र एकच होता, आणि शब्दाने जे झाकलं जातं तेही सारखंच. ॲक्शनच्या काळात आणि नंतर मुस्लिम वस्त्यांवर जे गुदरलं त्याची पाहणी करायला केंद्राने सद्भावना मंडळ पाठवलं. त्याचा अंदाज किमान २७,००० ते ४०,००० मृत्यूंचा होता आणि सर्वाधिक झळ पोचलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड होते. तो अहवाल अभ्यासकांना पाहायला मिळाला २०१३ मध्ये. डच पंतप्रधानांनी इंडोनेशियातल्या अतिरेकी हिंसेबद्दल २०२२ मध्ये माफी मागितली. दोन्हीकडे सत्तर वर्षांच्या आसपास गेली.

सुरक्षा समुदायाच्या त्या अभ्यासाच्या भाषेत हैदराबादचं जे झालं तो पहिला प्रकार, राज्य विरघळण्याचा. १९५० मध्ये एकमेकांच्या पोटात अडकलेली गावं केंद्राच्या आदेशाने शेजारच्या प्रदेशांत मिसळली गेली. याच कामाला भारत आणि बांगलादेशाला ३१ जुलै २०१५ ची मध्यरात्र गाठावी लागली. तेव्हा १११ आणि ५१ छिटमहालांची, म्हणजे अशाच अडकलेल्या तुकड्यांची, अदलाबदल झाली. १९५६ मध्ये हैदराबाद राज्यच तीन भाषांत वाटलं गेलं.

दुसऱ्या प्रकाराचं युरोपातलं उदाहरण सर्वांना माहीत आहे. १९५१ मध्ये सहा देशांनी कोळसा आणि पोलाद सामाईक ताब्यात दिलं. तोफा ज्यातून ओततात त्याचाच हिशेब एकत्र ठेवला, आणि तंटा झाला तर न्यायालय तयार ठेवलं.

आग्नेय आशियाची गोष्ट आपल्या जास्त जवळची. १९६३ ते ६६ इंडोनेशिया आणि मलेशिया भांडत होते. ऑगस्ट १९६७ मध्ये बँकॉकला पाच देशांनी आसियान उभी केली. १९७६ च्या बालीच्या तहात एकमेकांवर बळ न वापरण्याची शपथ आहे, आणि तंटे सोडवायला एक उच्च परिषदही. ती परिषद आजवर कधी बसली नाही. (जैसे थे करारातला लवाद आठवतो ना?) २००३ मध्ये इंडोनेशियाच्या पुढाकाराने ‘सुरक्षा समुदाय’ हा शब्द घोषणेत आला, काही सदस्यांना तो लष्करी वाटला आणि पुढे त्याच्या आधी ‘राजकीय’ हे विशेषण बसलं. चार दशकं बड्या लढाया झाल्या नाहीत हे खरं. पण थायलंड-कंबोडिया सीमेवरचं प्रेह विहारचं देऊळ कंबोडियाचं, असा हेगच्या न्यायालयाने १९६२ मध्ये दिलेला निकालही सीमा शांत करू शकला नाही. २०११ मध्ये तिथे गोळीबार झाला, आणि २०२५ मध्ये मलेशियात युद्धबंदीची बोलणी झाली ती बाहेरच्या महासत्तेने व्यापाराचा दट्ट्या लावल्यावर.

आपल्या उपखंडात सार्क ही दक्षिण आशियाई देशांची संघटना १९८५ ला ढाक्यात जन्मली. तिच्या सनदेतच लिहून ठेवलं की द्विपक्षीय आणि वादग्रस्त प्रश्न चर्चेला घ्यायचे नाहीत. बांधावरून ज्यांचा वाद आहे त्यांनी बांध सोडून बाकी सगळ्यावर बोलायचं, असा हा प्रकार. शेवटची शिखर बैठक २०१४ ला काठमांडूत झाली. २०१६ ची इस्लामाबादची भरलीच नाही. याउलट भारत-पाकिस्तानमधल्या १९६० च्या सिंधू पाणीवाटप कराराखालचा आयोग वर्षातून एकदा बसायलाच हवा असं बंधन होतं. १९६५, १९७१, कारगिल यांतून तो करार तगला. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामनंतर भारताने तो स्थगित ठेवला. पासष्ट वर्षं तगलेली गोष्ट आत्ता लटकली आहे, आणि ती संपली असं धरून लिहिणाऱ्यांची घाई मला समजत नाही.

परत मराठवाड्यात. जुन्या हैदराबादच्या पोटातली सीमा गोदावरीवर आजही भांडते. नांदेड जिल्ह्यात धर्माबादजवळ बाभळीचा बंधारा, साठा २.७४ टीएमसी (अब्ज घनफूट), खाली तेलंगणातलं पोचमपाड धरण. बंधारा पोचमपाडच्या जलफुगवट्यात येतो म्हणून तेव्हाचा अविभाजित आंध्र प्रदेश २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेला. जुलै २०१० मध्ये तिकडचे विरोधी पक्षनेते आमदार घेऊन बंधाऱ्याकडे निघाले आणि धर्माबादेत त्यांना अटक झाली. ते दृश्य अनेकांनी टीव्हीवर पाहिलं. दोन राज्यांनी बसायला क्षेत्रीय परिषदा १९५६ पासून आहेत. मात्र महाराष्ट्र पश्चिम परिषदेत, आणि शेजारचं तेलंगणा दक्षिण परिषदेत. एका नदीच्या दोन काठांना दोन पंगती!

२८ फेब्रुवारी २०१३ ला निकाल आला. बंधारा राहील, १ जुलै ते २८ ऑक्टोबर दारं उघडी ठेवायची, १ मार्चला ०.६ टीएमसी खाली सोडायचं. देखरेखीला तिघांची समिती. इकडचे शेतकरी म्हणतात, पावसाळाभर पाणी डोळ्यांदेखत वाहून जातं आणि दारं खाली येतात तेव्हा नदीत धार उरलेली नसते. त्यात तथ्य आहे. तरी दर १ जुलैला केंद्रीय जल आयोगाचे आणि दोन्ही राज्यांचे अधिकारी बंधाऱ्यावर हजर असतात, आणि चौदा दारं वर जातात. पाऊस लांबला असला, पात्रात वाळू दिसत असली, तरी तारीख तीच.