मालकी लाकूड

मालकी लाकूड : खातेदाराच्या स्वतःच्या जमिनीत वाढलेल्या झाडांचे, रीतसर परवानगी घेऊन तोडलेले व विक्रीस आणलेले इमारती लाकूड. वनखात्याच्या आगारातून लिलावाने विकले जाणारे सरकारी लाकूड याहून वेगळे. ठाणे, पालघर, रायगड व रत्नागिरी जिल्ह्यांतून मुंबईच्या वखारींत येणारे ऐन, किंजळ, आंबा, फणस आणि काही प्रमाणात साग हे लाकूड या वर्गात मोडते. सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर निमसदाहरित व पानझडी वनांना लागून असलेली वरकस (हलक्या प्रतीची, डोंगरउताराची) जमीन हे त्याचे मुख्य उगमस्थान होय.

झाडावरील हक्काचा उगम : जमीन खातेदाराची, पण तीवरील साग सरकारचा, ही विभागणी केव्हा व कशी रूढ झाली याविषयी एकमत नाही. मराठी वाचकांत आज्ञापत्र या राजनीतिविषयक ग्रंथातील आरमारविषयक उतारा प्रसिद्ध आहे. तो पुष्कळदा शिवाजी महाराजांचा हुकूम म्हणून दिला जातो. परंतु हा ग्रंथ सामान्यतः रामचंद्रपंत अमात्यांचा व १७१५-१६ च्या सुमाराचा मानतात. शिवकालीन धोरणाचे प्रतिबिंब त्यात असावे, इतकेच सावधपणे म्हणता येते. आरमारासाठी अरण्यातील सागवानादी वृक्ष हुजूरच्या परवानगीने तोडावेत, कमी पडेल ते परमुलुखातून विकत आणावे आणि रयतेने वाढवलेल्या आंबा-फणसांना हात लावू नये, असे त्यात सांगितले आहे. एखादे झाड फारच जीर्ण झाले असेल, तर धन्याला राजी करून व पैसे देऊन ते न्यावे, अशीही सूचना आहे. म्हणजे अरण्यातला साग आणि रयतेच्या जमिनीतले फळझाड अशा दोन बाजू येथे स्पष्ट आहेत. रयतेच्या बांधावरच्या सागाचे काय, याबाबत उतारा गप्प आहे. पुढील सारा वाद नेमका याच सागाचा असल्याने, सागावरील राजहक्काचा पुरावा म्हणून हा उतारा पुढे करणे फारसे टिकत नाही.

कंपनी सरकारने मात्र असा राजहक्क पूर्वापार असल्याचे गृहीत धरले. इंग्लंडमध्ये ओक लाकडाची टंचाई भासू लागल्यावर मलबारच्या सागाची चौकशी १८०५ मध्ये सुरू झाली. १८०६ मध्ये कॅप्टन वॉटसन यांची वनसंरक्षक म्हणून नेमणूक झाली आणि १८०७ च्या जाहीरनाम्याने सागावर सरकारी मक्तेदारी आली. जमीनमालक व व्यापारी यांच्या तक्रारी वाढून १८२३ मध्ये हे पद रद्द करण्यात आले. मद्रासचे गव्हर्नर टॉमस मन्रो या मक्तेदारीच्या विरोधात होते. या सागाचे मोठे गिऱ्हाईक मुंबईची गोदी होती. सुरतेहून १७३६ मध्ये आलेल्या लवजी नसरवानजी वाडिया यांच्या घराण्याने तेथे बांधलेल्या जहाजांपैकी ‘ट्रिंकोमाली’ (१८१७) हे मलबारी सागाचे जहाज इंग्लंडमधील हार्टलपूल येथे आजही पाहता येते.

मुंबई इलाख्यात अलेक्झांडर गिब्सन १८४७ मध्ये वनसंरक्षक झाले. ते मूळचे शल्यचिकित्सक व दापोडीच्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख. इतिहासकार रिचर्ड ग्रोव्ह यांच्या मते जंगलतोडीमुळे पाऊसपाणी घटते ही वैद्यकीय पेशातील वैज्ञानिकांची धास्ती वनसंरक्षणामागे होती. रामचंद्र गुहा व माधव गाडगीळ यांनी जहाजे आणि विशेषतः रेल्वेचे स्लीपर यांच्या गरजेवर भर दिला आहे. कोकणातील झरे आटण्याची चिंता गिब्सन यांच्या लिखाणात आहेच. तथापि १८४२-४३ मध्ये भिल्ल राजांकडून भाडेपट्ट्याने घेतलेली डांगची जंगले मुंबईच्या गोदीसाठी घेतली होती, हे ध्यानात घेता दुसरे मत मुंबईपुरते अधिक जुळते.

१८७८ च्या वन कायद्यापूर्वी झालेल्या चर्चेत वन अधिकारी बेडन-पॉवेल यांनी राज्याचा हक्क निरपवाद मानला, तर दुसरे वन अधिकारी डीट्रिख ब्रँडिस यांनी गावकऱ्यांच्या वहिवाटीला काही जागा ठेवावी असे सुचवले. कायदा मुख्यतः पहिल्या बाजूला झुकला. मात्र लगतच्याच १८७९ च्या मुंबई जमीन महसूल अधिनियमाने (कलम ४०) मूळ पाहणी-जमाबंदी (जमिनीची मोजणी व साराआकारणी) पूर्ण झालेल्या गावांत, राखून ठेवलेली झाडे वगळता, खातेदाराच्या जमिनीतील झाडांवरील सरकारी हक्क सोडून दिला. हा अपवादच इतका मोठा होता, की महसूल व वन या दोन खात्यांत वर्षानुवर्षे पत्रव्यवहार चालला. आजचा हक्क महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधील कलम २५ वर उभा आहे.

राब आणि लाकूड : कोकणातल्या लहान शेतकऱ्याला झाडाचा पहिला उपयोग लाकडासाठी नसतो. भाताच्या रोपवाटिकेवर शेण, फांद्या, पालापाचोळा, गवत व वरून माती असे थर देऊन ते उन्हाळ्यात भाजतात, हाच राब. जाळ सावकाश सरकावा म्हणून तो वाऱ्याच्या विरुद्ध बाजूने लावतात. तणाचे बी जळते, राख खत होते. यासाठी ऐनाच्या फांद्या सर्वांत पसंत. पण वर्षागणिक छाटलेला ऐन सरळ वाढत नाही, त्याला गाठी पडतात आणि व्यापाऱ्याला त्याचा जेमतेम बुंधा मिळतो. एकाच झाडातून भात आणि तुळई दोन्ही निघत नाहीत, ही गोष्ट वन अधिकाऱ्यांनी शेतकऱ्याच्या उधळेपणाची खूण मानली. शेतकऱ्याच्या हिशेबात भाताचे पारडे जड होते. ठाणे व कुलाबा (आजचा रायगड) जिल्ह्यांत शेतकरी व वनखाते यांच्यात चाललेल्या या तंट्याची चौकशी करण्यासाठी १८८५ मध्ये मुंबई वन आयोग नेमला गेला व १८८७ मध्ये त्याचा अहवाल आला. जोतीराव फुले यांनी त्याआधीच, १८८३ मधील ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये, गायरानासह डोंगरदऱ्या गिळणाऱ्या वनखात्यावर टीका केली होती. डोंगरउतारावरील कातकरी-ठाकरांच्या फिरत्या शेतीला रायगडात दळी, तर कारवारकडे कुमरी म्हणतात.

मुंबईचा बाजार : लाकडाच्या वखारी रे रोड, दारूखाना व लकडी बंदर या पूर्व किनाऱ्यावरच्या पट्ट्यात एकवटल्या, माल गलबतांतून येई हे त्याचे कारण. ब्रह्मदेशी सागामुळे या बाजाराचे रूप बदलले. १८६३ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशनवर, महसूल न भरता ओंडके नेल्याच्या आरोपावरून, मंडालेच्या दरबाराने १८८५ मध्ये मोठा दंड बसवला आणि त्याच वर्षी तिसरे इंग्रज-ब्रह्मी युद्ध झाले. दंड हे युद्धाचे निमित्त होते. फ्रेंचांच्या वाढत्या संबंधांची भीती हे खोल कारण बहुतेक अभ्यासक मानतात. ब्रह्मदेशाच्या थिबा राजाची रत्नागिरीतली कैद (मृत्यू १९१६) सर्वांना ठाऊक असते, त्यामागचा सागाचा हिशेब सहसा सांगितला जात नाही. जुन्या चाळी पाडताना निघणाऱ्या तुळया व खांबांना ‘बर्मा साग’ म्हणून अजूनही वेगळा भाव मिळतो.

गोल लाकडाची मोजणी चतुर्थांश घेराने करतात : मध्यावरील घेर भागिले चार, त्याचा वर्ग, गुणिले लांबी. १२० सेंमी. घेर व ३ मी. लांबीचा ओंडका या रीतीने ०.२७ घनमीटर भरतो. तो खरा दंडगोल धरल्यास घनफळ सुमारे ०.३४४ घनमीटर येते. म्हणजे दंडगोल ओंडका कितीही जाड वा लांब असला, तरी सूत्र ७८.५ टक्केच माल मोजते. उरलेले २१.५ टक्के चिराईत साल, पाचर व भुसा म्हणून जातात, असे व्यापारी समर्थन करतात. भाव त्या अंदाजानेच ठरत असल्याने यात फसवणूक मानता येत नाही. पण उभे झाड नगावर विकणाऱ्या शेतकऱ्याला हे गणित माहीत नसले, तर घासाघिशीत त्याची बाजू लंगडी पडते. बुंध्याकडचा जाड भाग व शेंड्याकडचा निमुळता भाग वेगवेगळा मोजला तर एकूण आकडा बदलतो, हेही येथे नोंदवावे.

परवानगी : महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ नुसार अनुसूचित झाडे वृक्ष अधिकाऱ्याच्या परवानगीविना तोडता येत नाहीत. हिरडा, साग, मोह, आंबा, फणस, खैर, ऐन, किंजळ व खारफुटी त्यांत येतात. मोजणी, क्रमांक, हातोड्याचा ठसा व वाहतूक परवाना हा क्रम वखारवाल्यांना पाठ असतो. आदिवासी खातेदारांसाठी १९६९ चा स्वतंत्र कायदा असून त्यांच्या झाडांची विक्री शासकीय यंत्रणेमार्फत होते. खाजगी वने संपादन अधिनियम, १९७५ ने ३० ऑगस्ट १९७५ पासून खाजगी वने राज्याकडे घेतली. एकूण १२ हेक्टरपर्यंत धारणा असलेल्यांना जमीन परत देण्याची तरतूद कलम २२अ मध्ये नंतर आली. याच कायद्याखालील विक्रोळी-मुलुंडच्या जमिनींचा वाद सर्वोच्च न्यायालयात २०१४ मध्ये निकाली निघाला, पण तेथे प्रश्न लाकडाचा उरला नव्हता, इमारतींचा होता.

आयात व परदेशांतील वने : सर्वोच्च न्यायालयातील वनविषयक गोदावर्मन खटल्यातील १२ डिसेंबर १९९६ च्या आदेशानंतर देशांतर्गत तोड आक्रसली व आयात वाढली. मात्र तिचे मुख्य केंद्र मुंबई न राहता गुजरातेतील कांडला बंदर झाले. म्यानमारने एप्रिल २०१४ पासून ओंडक्यांची निर्यात थांबवली. मलेशियातील सारावाकहून येणाऱ्या मेरांटी या इमारती लाकडामागेही हक्काचा असाच प्रश्न आहे : तेथे १ जानेवारी १९५८ पूर्वी निर्माण झालेला रूढ जमीनहक्कच कायद्याने मानला जातो. ब्राझीलमध्ये अ‍ॅमेझॉन वनप्रदेशातील जमीनधारकाला ८० टक्के क्षेत्र वनाखाली राखावे लागते. त्यातून नियोजनबद्ध तोड करता येते. भारताच्या २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर मालकी दिली. बांबू, मध, डिंक व तेंदूपाने त्यात येतात, इमारती लाकूड येत नाही.