घोड्याचे डोके आवरणे : जेरबंद आणि शिकवण

चालताना घोडा डोके झटकतो, वर फेकतो किंवा लगाम ओढून मान खाली घालतो. ते आवरायचे दोन मार्ग आहेत. पट्टे, दोर आणि कडक लगाम लावून डोके एका जागी बांधता येते. किंवा लगामाचा इशारा समजून घोड्याने आपणहून मान सैल सोडावी, असे त्याला शिकवता येते. मराठवाड्यात घोडा आज दिसतो तो मुख्यतः लग्नाच्या वरातीत, यात्रेत, मिरवणुकीत आणि हौसेखातर पाळलेला. या सगळ्या ठिकाणी गर्दी असते, वाजंत्री आणि फटाके असतात, त्यामुळे डोके बांधून टाकण्याकडेच कल जास्त.

घोड्याची मान आणि डोके मिळून अंगाच्या वजनाचा सुमारे दहावा भाग भरतो. पाय घसरला, चढ आला, उडी मारायची झाली की तो मान लांबवून किंवा उचलून तोल सांभाळतो. दूरचे पाहायलाही त्याला डोके उचलावे लागते. हनुवटी छातीकडे ओढून धरली तर समोरचे नीट दिसत नाही, पायाखालची जमीन तेवढी दिसते. शिवाय घोडा तोंडाने श्वास घेऊ शकत नाही, फक्त नाकाने घेतो. मान दुमडून ठेवली की घशातली श्वासाची वाट अरुंद होते. म्हणजे डोके बांधले की तोल, नजर आणि श्वास तिन्हींवर बंधन येते.

बांधण्याच्या साधनांत जेरबंद सर्वांत परिचित. पक्क्या जेरबंदात नाकपट्टीपासून निघालेला पट्टा पुढच्या पायांमधून जाऊन तंगाला, म्हणजे खोगीर आवळणाऱ्या पोटाखालच्या पट्ट्याला, मिळतो. सरकत्या जेरबंदाच्या वरच्या टोकाला दोन कड्या असतात, त्यांतून लगामाचे दोर जातात. घोड्याने डोके फार वर नेले तरच दाब येतो. कायजा म्हणजे लगाम मागे दुमचीला (शेपटीखालून जाणाऱ्या पट्ट्याला) किंवा खोगिराला बांधून मान वर ताणून ठेवणे. वरातीच्या घोडीची मान कमानीसारखी दिसावी म्हणून अशी बांधणी तासन् तास ठेवलेली असते. काटेरी लगामाची जात मात्र वेगळीच. तो डोके बांधत नाही, दुखवून थांबवतो.

लगामाची कडी घोड्याच्या तोंडात बसते ती पुढचे दात आणि दाढा यांच्यामधल्या मोकळ्या हिरडीवर. तिथे हाडावर पातळ कातडीखेरीज दुसरे काही नाही. काटेरी कडीचा हिसका तिथेच बसतो. जीभ आणि ओठांचे कोपरेही सोलले जातात. जखम भरली तरी कातडी जाड व बधिर होते, मग त्याच लगामाला घोडा दाद देईनासा होतो आणि मालक आणखी कडक लगाम आणतो.

पक्क्या पट्ट्याचेही असेच उलटते. आधार मिळाला की घोडा त्यावर रेटतो आणि मानेच्या खालच्या बाजूचे स्नायू फुगत जातात. पट्टा काढल्यावर डोके पूर्वीपेक्षा वर जाते, कारण वर उचलण्याचीच ताकद वाढलेली असते. बिथरलेल्या घोड्याचे डोके बांधलेले असेल तर तो मागच्या पायांवर उभा राहून उलटा पडू शकतो. पक्का जेरबंद लावून खोल पाण्यात घोडा घालणे तर सरळ धोक्याचे आहे. पोहताना त्याला नाक पाण्यावर ठेवता येत नाही.

डोके झटकण्याचे कारण बहुतेक वेळा दुसरीकडेच असते. दाढांच्या कडा झिजून धारदार होतात आणि गालाला टोचतात. खोगीर पाठीवर चावते. स्वाराचा हात जड असतो, किंवा तो तोल राखायला लगामालाच लोंबकळतो. कानात गोमाशी, गोचीड असतात. हे न पाहता पट्टा आवळणे म्हणजे दुखण्याची तक्रार बंद करणे. दुखणे तसेच राहते. आधी जनावरांच्या डॉक्टरकडून दात आणि पाठ तपासून घ्यावी, दाढा कानशीने घासून घ्याव्यात. पुष्कळ घोडे एवढ्यानेच शांत होतात.

शिकवणीची सुरुवात खोगिराशिवाय, साध्या मोरकीवर, म्हणजे तोंडात कडी नसलेल्या दोराच्या मुसक्यावर होते. घोड्याच्या डाव्या बाजूला उभे राहून बागडोर, म्हणजे मोरकीचा धरायचा दोर, हलकेच खाली धरायची. झटका द्यायचा नाही, दाब वाढवायचाही नाही. घोडा थोडा वेळ अंगठाभरही हलत नाही, कधी उलट वर रेटतो. हात तिथेच राहू द्यायचा. डोके बोटभर जरी खाली आले, तरी त्याच क्षणी दोर सैल सोडायचा. घोडा दाबातून शिकत नाही, दाब सुटण्यातून शिकतो. सोडायला उशीर झाला की नेमके काय केल्याने सुटका झाली हे त्याला उमगत नाही आणि सगळी मेहनत वाया जाते. हे पक्के झाले की हाच इशारा लगामावर द्यायचा, मान डावीउजवीकडे सैल वळवायला शिकवायची, गोल फिरवत मागच्या पायांनी अंगाखाली जोर लावायला लावायचे. मागचा भाग काम करू लागला की पाठ उचलली जाते आणि मान आपोआप खाली येते. याला महिने लागतात. शिंगरू असेल तर आणखी धीर हवा, कारण घोड्याच्या पाठीचा कणा पाच-सहा वर्षांपर्यंत पक्का होत असतो.

नांदेडच्या हुजूर साहिब गुरुद्वाऱ्यात दसरा आणि होळीला निघणाऱ्या ‘हल्ला’ नावाच्या मिरवणुकीत गुरू गोविंदसिंगांच्या घोड्याच्या वंशातले मानले जाणारे घोडे असतात. त्यांच्यावर कोणी बसत नाही, हाताने धरून चालवतात. एवढ्या गर्दीत आणि गजरात घोडा चालतो तो गोंगाटाच्या सवयीने आणि ओळखीच्या माणसाच्या भरवशावर. वरातीच्या घोडीलाही लहानपणापासून ढोल-ताशाची सवय हळूहळू लावता येते. आधी लांबून, मग जवळून.

जेरबंद सर्वस्वी टाकाऊ नाही. नवशिक्या स्वाराच्या तोंडावर घोड्याचे डोके आदळू नये म्हणून सरकता जेरबंद योग्य लांबीवर लावणे शहाणपणाचे आहे. घोडा नेहमीसारखा उभा असताना लगाम तोंडापासून हातापर्यंत सरळ रेषेत राहिला पाहिजे. कड्यांनी तो खाली ओढला जात असेल तर पट्टा आखूड आहे. आंतरराष्ट्रीय उडी-स्पर्धांत सरकता जेरबंद चालतो, पक्का चालत नाही. घोड्याची मान जबरदस्तीने छातीशी दुमडणे आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाने २०१० मध्ये अमान्य ठरवले. भारतात १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली १९६५ साली केलेल्या नियमांनुसार काटे, गाठी किंवा टोकदार भाग असलेला लगाम वापरण्यास मनाई आहे. तरीही तो उघड विकला जातो, ही लाजेची गोष्ट आहे.

मार्गशीर्षात लोहा तालुक्यातील माळेगावला खंडोबाची यात्रा भरते आणि घोड्यांचा मोठा बाजार होतो. सौद्याच्या वेळी घोडा आखडून बांधलेला असेल तर त्याची चाल कळतच नाही. जेरबंद काढायला लावावा, ओठांचे कोपरे आणि कडीखालची हिरडी बोट फिरवून पाहावी, जुनी चिर किंवा गाठ हाताला लागते का ते बघावे. मग घोडा साध्या मोरकीवर चालवून, वळवून आणि थांबवून दाखवायला सांगावे. विकणारा याला तयार नसेल, तर पुढच्या दावणीकडे वळावे.